ग्रह, बटुग्रह, नवग्रह: नऊ म्हणजे नेमके कुठले नऊ?

पेठेबाहेर

गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा होती. प्रश्न साधा होता: ग्रह किती? पाचवीतली एक मुलगी 'आठ' म्हणाली. मागून तिचे बाबा 'नऊ, नऊ' करत होते. पहिल्या रांगेतल्या एक आजीही ठणकावून 'नऊ' म्हणाल्या, तशी बाबांची कळी खुलली. पण आजी बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या: रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. त्यात पृथ्वी नाही, आणि प्लूटोचं तर नावच नाही. आकडा दोघांचा एकच, पण यादी वेगळी! शेवटी निवेदकानं हात वर करायला लावले आणि बहुमतानं 'नऊ' बरोबर ठरलं. मुलगी रडवेली झाली. परीक्षक मी होतो. गप्प बसलो, ते अजून खुपतंय.

तर दोन शंका. मराठीत 'ग्रह' या शब्दाचा अर्थ काय धरायचा? आणि प्लूटो जर 'बटुग्रह' (इंग्रजीत ड्वार्फ प्लॅनेट) असेल, तर तो ग्रह आहे की नाही? शब्दात तर ग्रह दिसतोय.

धातुसाधित

मूळ संस्कृत धातू 'ग्रह्', म्हणजे धरणे, पकडणे. ग्रहण, आग्रह, संग्रह, अनुग्रह ही सगळी त्याचीच पिल्लं. 'त्यांच्याबद्दल माझा भलताच ग्रह झाला होता' यातला ग्रह म्हणजे मनानं पकडून ठेवलेली समजूत. (पूर्वग्रह लिहा, पूर्वाग्रह नको. तो हिंदीतून आलाय.)

माणसाला धरतो तो ग्रह, मग तो आकाशातला असो वा नसो. लहान मुलांना पछाडणाऱ्या बालग्रहांची सुश्रुतसंहितेत यादी आहे, आणि तिथेही आकडा नऊच! म्हणजे तुमच्या सभेत नऊ म्हणणारा आणखी एक पक्ष बसू शकला असता. राहू-केतू हे गोळे नाहीत, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू आहेत. पण सूर्य-चंद्राला 'धरायचं' काम त्यांच्याकडे, म्हणून ते ग्रह. आजींची यादी त्यांच्या व्याख्येत चोख आहे. पृथ्वी त्यात नाही, कारण आपण उभेच तिच्यावर आहोत. ती आपल्याला काय धरणार?

ग्रीकांचा शब्द (इंग्रजी 'प्लॅनेट' त्यातूनच) भटकणाऱ्या ताऱ्यांवरून आला. त्यांना त्याचं फिरणं दिसलं, आपल्याला त्याची पकड दिसली. मला आपला शब्द जास्त आवडतो, पण विज्ञानाच्या पुस्तकात तो दुसऱ्याचा अर्थ पाठीवर घेऊन फिरतोय, एवढं लक्षात ठेवावं.

तिसरा_मजला

जावयाला विसरलात. 'कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः'. आमच्याकडे दहा आहेत.

दुर्बीणवाला

हात वर करण्यावरून त्या निवेदकाला फार बोलू नका. प्लूटोचा निकालही हात वर करूनच लागला. 24 ऑगस्ट 2006, प्राग. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात अखेरीस पिवळी कार्डं वर झाली. अधिवेशनाला आले होते दोनेक हजारांवर, मतदानाला उरले 424. हा मुद्दा नाराज मंडळी आजही काढतात. त्याच अधिवेशनात आधी आलेल्या मसुद्याप्रमाणे ग्रह बारा होणार होते!

ग्रह ठरायला अटी तीन: सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं जवळपास गोल व्हावं, आणि आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसऱ्या अटीत प्लूटो अडकला, कारण नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोळ्यांच्या गर्दीतला तो एक. 2005 मध्ये त्याच्याच तोडीचा एरिस सापडला, तेव्हाच पंचाईत झाली होती. प्लूटो ग्रह तर एरिस का नाही?

आणि ही पहिली वेळ नाही. 1801 मध्ये सेरेस सापडला, मग पॅलास, जूनो, व्हेस्टा. तेव्हा हे चारही ग्रहांत मोजत आणि बेरीज अकरा होई. पुढे असले तुकडे ढिगानं सापडायला लागल्यावर त्यांना लघुग्रह म्हणून बाजूला बसवलं. त्यावर कुणी आज गळा काढत नाही, कारण सेरेस कुणाच्या शाळेच्या तक्त्यावर नव्हता. प्लूटो होता. 1930 पासून 76 वर्षं.

पाठभेद

दुसऱ्या शंकेकडे कुणी वळत नाहीये. 'बटुग्रह' हा सरळ कर्मधारय दिसतो: बटु असा ग्रह. नीलकमल हे कमळच असतं. त्या न्यायानं बटुग्रह हा ग्रहच. पण संघ म्हणतो, हे दोन वेगळे वर्ग, बटुग्रह ग्रहांत मोजायचा नाही. आणि त्याच खगोलशास्त्रात श्वेत बटू हा मात्र तारा! बटू तारा तो तारा, बटू ग्रह तो ग्रह नव्हे. इंग्रजीतही हीच कटकट आहे, आपण ती जशीच्या तशी उचलली.

शिवाय 'बटू' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मुंजीतला मुलगा येतो. लंगोटी, पळी-पंचपात्र, हातात दंड. तो मुलगा मोठा होणार असतो. प्लूटो कुठला मोठा व्हायला? काही जण 'खुजा ग्रह' लिहितात. त्यात तर विशेषण सुटं, म्हणजे तो ग्रह आहे हे उघड कबूलच केलं.

पेठेबाहेर

@पाठभेद, समास पटतो, पण शब्दाचं शेवटचं पद नेहमी खरं बोलतं असं नाही. पाणघोडा घोडा नाही. मृगजळ पिऊन बघा. उपग्रहाला तर विज्ञानाच्या पुस्तकात आपण ग्रह म्हणत नाही, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. माझी अडचण वेगळी आहे. 'उपग्रह' हा शब्द मुरलाय. 'बटुग्रह' अजून कच्चा आहे, म्हणून त्याची फोड करून बघावीशी वाटते.

दुर्बीणवाला

गंमत म्हणजे ज्यांना ही व्याख्या मान्य नाही असे शास्त्रज्ञही कमी नाहीत. त्यांचं म्हणणं, गोल आहे ना, मग ग्रह. कुणाभोवती फिरतो याच्याशी कर्तव्य नाही. गुरूचा गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे (5,268 किलोमीटर, बुध 4,879). मग तोही ग्रह, आणि आपला चंद्रही ग्रह. यादी शंभराच्या पुढे जाईल, पण आजींचा सोम मात्र सन्मानानं परत येईल!

उलट संघाची व्याख्या शब्दशः घेतली तर दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे हजारो ग्रह ग्रहच नाहीत, कारण अट 'सूर्याभोवती' अशी आहे.

कात्रजचा_घाट

व्याख्या शास्त्रज्ञांनी करावी, आम्ही नाव ठेवू. 2019 मध्ये संघानं देशोदेशींच्या लोकांना एकेका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायला सांगितलं, तेव्हा भारताच्या वाट्याच्या ग्रहाला 'सन्तमस' हे नाव मिळालं. ते सुचवलं होतं पुण्याच्याच एका शाळकरी मुलानं. सूचना मागवून लोकांच्या मतानं ठरलं. असं मत घ्यायला माझी हरकत नाही. ग्रह आठ की नऊ यावर मात्र सोसायटीनं हात वर करू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी पाढ्यांवर मतदान घेतील.

धातुसाधित

खरं तर पुण्याला हा वाद नवा नको वाटायला. अख्खं गाव जुन्या व्याख्येवर वसलंय. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार: सात वार म्हणजे सात ग्रह, सूर्य-चंद्र धरून, पृथ्वी वगळून. युरेनसला आमच्याकडे पेठ नाही.

पेठेबाहेर

ठरलं. पुढच्या वर्षीचा प्रश्न मी लिहून ठेवलाय: 'आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या 2006 च्या व्याख्येप्रमाणे सूर्यमालेत ग्रह किती?' लांबलचक आहे, पण पळवाट नाही. त्या मुलीच्या घरी जाऊन उत्तर बरोबर होतं हे सांगून आलो. बाबांनी दार उघडलं, चहा विचारला नाही.

पाठभेद

तुमच्याबद्दल ग्रह करून घेतला असेल.

तिसरा_मजला

त्यापेक्षा सोपा प्रश्न घाला: पुण्यात वारांच्या पेठा किती? सात. त्यावर तरी भांडण होणार नाही.

धातुसाधित

होणार नाही कसं? गुरुवार पेठ आधी वेताळ पेठ होती. तेव्हा सहाच मोजायच्या का?