उत्तर: मोटरहोम, कुत्रा आणि युरोपची सीमा

मोटरहोममधून (राहण्याची सोय असलेल्या गाडीतून) भारतातून युरोपला कुत्रं नेताना काय लागतं, या प्रश्नावर कुणीतरी लिहिलं आहे की 'रेबीजच्या लसीचं कार्ड असलं की पुरे'. युरोपच्या बाबतीत हे चालत नाही. थंडीत गोव्यात मोरजी-हरमलला उभ्या असणाऱ्या परदेशी गाड्यांतून कुत्री-मांजरंही येतात. त्यांतल्या एका जोडप्याशी बोलताना कळलं की खरी गोम रक्ततपासणीत आहे. भारत, आणि वाटेतला तुर्कस्तानही, युरोपियन युनियनच्या रक्ततपासणीतून सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही. म्हणून आधी मायक्रोचिप, मग लस (हा क्रम उलटला तर लस धरतच नाहीत), लसीनंतर किमान 30 दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्त, त्यात रेबीजविरोधी अँटिबॉडी दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट (IU) किंवा जास्त, आणि रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबणं. आपल्याकडे 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, पण तिकडे देश बघतात, राज्य नाही.

त्या जोडप्याने मात्र युरोप सोडण्याआधीच तपासणी करून जनावराच्या पासपोर्टवर नोंदवून घेतली होती, त्यामुळे परतताना 3 महिन्यांची अट नाही. बूस्टर वेळेवर दिले तर तीच तपासणी पुढेही चालते. तारीख हुकली की लस आणि तपासणी परत पहिल्यापासून. गाडीच्या कार्नेपेक्षा (गाडी सीमेपार नेण्याच्या सीमाशुल्क कागदापेक्षा) हे आधी बघा.