‘तबकडी’, ‘कंट्री’ आणि ‘मींड’

विचारणा : ‘द बर्ड्‌स’ या कॅलिफोर्नियातल्या बँडच्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ (ऑगस्ट १९६८) या अल्बमवर मराठीत लिहितोय. बऱ्याच वर्षांनी रेकॉर्ड पुन्हा लावली आणि आता रोज लावतोय. तीन शब्दांपाशी अडलोय. ‘विनाइल’चा, म्हणजे या प्लास्टिकच्या रेकॉर्डचा काळ मराठीत कसा म्हणायचा? ‘कंट्री’ या अमेरिकी संगीतप्रकाराला ‘ग्रामीण संगीत’ चालेल का? आणि पेडल स्टील गिटारच्या त्या ओलसर, लांबत जाणाऱ्या स्वराला ‘मींड’, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, म्हणू का?

उत्तर : ‘विनाइल’ तेव्हा घरात कोणी म्हणत नसे. बोलताना ‘रेकॉर्ड’ किंवा ‘एलपी’ (लाँग प्ले), छापताना ‘ध्वनिमुद्रिका’. मला ‘तबकडी’ आवडतो. ‘तबक’ अरबी-फारसीतून आलं, त्याला आपला ‘-डी’ लागला आणि तळहातांत धरायची वस्तू डोळ्यांपुढे उभी राहिली. फक्त एक भेद जपा. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असत, पडल्या की फुटत. तुमची ती एलपी, ३३ फेऱ्यांची. १९४८ साली एलपी बाजारात आणली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने, आणि हा अल्बमही कोलंबियाचाच. म्हणून ‘एलपीचा काळ’ म्हणा, ते नेमकं आहे.

उत्तर : ‘ग्रामीण’ अजिबात नको. मराठीत त्या शब्दामागे ग्रामीण साहित्य उभं राहतं, शेत, दुष्काळ, बोली. ‘गावरान’ म्हटलं तर तमाशाचा बाज येतो. ‘लोकसंगीत’ही नाही, कारण लोकगीताचा कर्ता सहसा ठाऊक नसतो आणि इथे बहुतेक गाण्यांमागे लिहिणारा, छापणारा, स्टुडिओ, रेडिओ आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्रीचा रेडिओ कार्यक्रम १९२५पासूनचा. मार्च १९६८मध्ये हाच बँड तिथे गायला, तेव्हा लांब केसांची ही रॉकवाली मुलं बऱ्याच श्रोत्यांना रुचली नव्हती. तो ताण ‘ग्रामीण’ या शब्दात मावणारच नाही. ‘कंट्री’च ठेवा. नुसतं ‘कंट्री’ म्हटलं की आपल्याकडे देशी दारू आठवते, म्हणून पहिल्यांदा ‘कंट्री संगीत’ असं पूर्ण लिहा.

उत्तर : मींडेबद्दल. निम्मं बरोबर आहे. सतारीवर तार आडवी ओढून स्वर चढवतात. विचित्र वीणेवर काचेचा गोळा तारांवरून सरकतो. स्टील गिटारवर पोलादी कांडी सरकते, तिथपर्यंत ‘मींड’ चपखल. पण पेडल दाबलं की निवडक तारच ताणली जाते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. तीन स्वर एकत्र वाजत असताना त्यातला एकच हळूच वर सरकतो आणि सगळ्या स्वरमेळाचा रंग पालटतो. याला आपल्याकडे शब्द नाही, कारण आपलं संगीत असं स्वरमेळावर उभं नाही. पहिल्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात लॉइड ग्रीन यांची स्टील ऐका, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. ‘मींड’ लिहा, आणि पुढच्याच वाक्यात हा फरक सांगा. वाचकाला तेवढं सहज पेलतं.

मूळ विचारणा करणारा : तिन्ही उत्तरं लेखात घेतो. ग्रीन यांच्याबरोबर जेडी मेनेस यांचीही स्टील यात आहे, तेही आता नीट लिहीन. अजून एकच विचारतो. ‘हिकरी विंड’ हे याच अल्बममधलं, बँडमधल्या ग्रॅम पार्सन्सने गायलेलं गाणं. हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड, ते तसंच ठेवतो. पण ‘विंड’ला ‘वारा’ की ‘झुळूक’? गाणं दक्षिण कॅरोलायनातल्या लहानपणाच्या ओढीचं आहे, म्हणून ‘झुळूक’ लिहून पाहिलं. ऐकताना मात्र ते हलकं वाटलं.

उत्तर : ‘वारा’. झुळूक येते आणि जाते. या गाण्यात तो शेवटच्या ओळीपर्यंत अंगावर आहे.