मदत हवी आहे: स्पर्धा झाली, आता बोलणी खातोय

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं एक छोटं हौशी नाट्यमंडळ आहे, मी त्याचा सचिव. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला धरून यंदा पहिल्यांदाच खुली एकांकिका स्पर्धा घेतली. कोल्हापूर-इचलकरंजीकडचेही संघ आले, हॉल शेवटपर्यंत भरलेला होता. पण त्यानंतर जे चाललंय त्यानं झोप उडालीय.

गावच असं की १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथं केलं, तेव्हापासून प्रत्येक सांगलीकर जन्मजात परीक्षक. नाट्यपंढरी म्हटल्यावर बडवे असायचेच! त्यामुळं प्रयोगाबद्दल कुणी काही बोललं तर मला लागत नाही. माइकची खरखर, दोन एकांकिकांमधला लांबलेला वेळ, बायकांच्या स्वच्छतागृहातलं संपलेलं पाणी, सगळं वहीत टिपून ठेवलंय.

लागतंय ते वेगळं. पहिल्या आलेल्या संघाचा दिग्दर्शक एका परीक्षकांच्या शिबिरात शिकलेला, म्हणून "निकाल आधीच ठरलेला" अशी बोंब. त्या परीक्षकांनी हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. तिघांनी गुणपत्रिका वेगवेगळ्या भरून बंद पाकिटात दिल्या, आणि त्या संघाला बाकीच्या दोघांनीच जास्त गुण दिलेत. ओरडा करणाऱ्या संघाचे गुण नेपथ्याच्या वेळेत गेले. नियम दहा मिनिटांचा. यांनी वाड्याचा अख्खा दरवाजा करून आणलेला, तो विंगेतून आत येईना. आडवा केला, तिरका केला, शेवटी चौघांनी वरची कमान उपटली तेव्हा आत गेला. तोवर सोळा मिनिटं झाली होती.

दुसरा विषय पैशाचा. "स्मरणिकेच्या एवढ्या जाहिराती घेतल्या, पैसे गेले कुठं?" हे व्हॉट्सॲप गटावर. परवा विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर एक जुना मित्र म्हणाला, "काय सेक्रेटरी, नवी गाडी कधी काढताय?" सगळे हसले, मीही हसलो. घरी बायकोला सांगताना मात्र आवाज चढला. हॉलचं भाडं, लाइट-साउंड, मानधन, बक्षिसं वजा जाता खड्डाच पडलाय, आणि तो आम्ही कार्यकारिणीतल्या चौघांनी खिशातून भरलाय.

अध्यक्ष म्हणतात गप्प बसा, महिन्याभरात लोक विसरतील. पोरं म्हणतात गुणपत्रिकांचे फोटोच गटावर टाकू. मला दोन्ही पटत नाही. गप्प बसलो तर खाल्ले म्हणतील. फोटो टाकले तर शेवटच्या आलेल्या कॉलेजच्या पोरांचे गुण गावभर होतील, आणि पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून कोण येईल?

ज्यांनी गणेशोत्सव, व्याख्यानमाला असलं काही अंगावर घेतलंय त्यांनी सांगा. हिशेब गटावर टाकायचा की सभेत ठेवायचा? आणि त्या मित्राचं काय करू?

प्रतिसाद (मिरजेहून):
आमची व्याख्यानमाला आहे, हे सगळं भोगलंय. गटावर एक अक्षर लिहू नका, तिथं बोलणारे पाच आणि मजा बघणारे दोनशे. संस्था नोंदणीकृत असेल तर ऑडिट केलेला हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतोच. स्पर्धेचा जमाखर्च एका पानावर मांडा, तूट कुणी भरली तेही लिहा, सभेत वाचा. पावत्यांची फाइल टेबलावर ठेवा आणि ज्याला बघायची त्याला बघू द्या. आमच्याकडं एकच जण बघायला आला. पावती अन् पावती तपासली त्यानं. पुढच्या वर्षी त्यालाच खजिनदार केला!
गुणपत्रिका ज्या संघाची त्याच दिग्दर्शकाला, समक्ष दाखवा. दरवाजाची सोळा मिनिटं त्यालाही आठवत असतील. मित्राला सगळ्यांदेखत उत्तर देऊ नका, एकट्याला गाठून "तुला खरंच तसं वाटतं का?" एवढं विचारा.

धागाकर्ता:
आभारी आहे दादा. संस्था नोंदणीकृत आहे. गुणपत्रिकांचं पटलं, आधी परीक्षकांच्या कानावर घालतो. मित्राला रविवारी गाठतो. हिशेबात एक मेख आहे, दोन देणगीदारांनी "आमचं नाव कुठं येऊ देऊ नका" म्हणून बजावलंय. पावत्या त्यांच्या नावानंच फाडल्यात. मग ती फाइल टेबलावर ठेवायची कशी?