आईचा गुडघा बदलायचाय: पाठीतली नळी, बटणाचा पंप की नस बधिर करणारा ब्लॉक?

आई ६८ वर्षांची, सोमवारी ऑपरेशन. भूलतज्ज्ञांनी नंतरच्या दुखण्यासाठी तिन्ही पर्याय सांगितलेत. तिला दुखण्यापेक्षा ओकाऱ्यांची धास्ती. कुणाचा अनुभव?

उत्तर १: बाबांना मॉर्फिनचा (दुखणं थांबवणारं औषध) पंप होता. बटण एकदा दाबलं की पुढची काही मिनिटं कितीही दाबा, डोस मिळत नाही. ते झोपलेले असताना कण्हले, म्हणून मीच बटण दाबलं. सिस्टर धावत आल्या. पेशंटला गुंगी आली की दाबणं थांबतं, तेच तर संरक्षण. ते मी मोडलं होतं. कृपा करून बटण आईच्याच हातात राहू द्या. मळमळ मात्र बाबांना खूप झाली.

उत्तर २: एपिड्युरलने, म्हणजे पाठीतल्या नळीने, दुखणं छान थांबतं, पण बीपी उतरू शकतं, पाय जड होतात. अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉकबद्दल (मांडीत देतात तो) विचारा, मांडीतली ताकद बरीच टिकते. माझी मावशी दुसऱ्या दिवशी वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली.

उत्तर १: गुडघ्याच्या मागचं दुखणं या ब्लॉकने पूर्ण जात नाही, गोळ्या वेळेवर द्या.