'डायस्पोरा'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाला: कोरियावरचा लेख मराठीत करतोय. उत्तर आणि दक्षिणेच्या भाषातज्ज्ञांनी 2005 मध्ये मिळून एक शब्दकोश करायला घेतला. राजकारण बिनसलं की काम ठप्प. चीन आणि मध्य आशियातल्या कोरियनांचे शब्दही त्यासाठी गोळा केलेत. अशा देशोदेशी पसरलेल्या लोकांना, म्हणजे 'डायस्पोरा'ला, मी 'अनिवासी कोरियन' लिहिलं, संपादकबाईंनी 'परदेशस्थ' केलं. दोन्ही खटकतंय.

तिरपागडा: 'अनिवासी' म्हटलं की बँकेतलं खातंच डोळ्यापुढे येतं.

कृष्णाकाठ: 'परदेशस्थ' म्हणजे न्यू जर्सीतले काका. उझबेकिस्तान-कझाखस्तानातल्यांना स्टालिनने 1937 मध्ये रशियाच्या पूर्व टोकाहून आगगाड्यांत कोंबून नेलं, पावणेदोन लाखांच्या आसपास. 'विस्थापित' लिहा.

भाषांतरवाला: पण जपानात ओसाकाला जन्मलेली कोरियनांची तिसरी पिढी विस्थापित कशी?

पाटीपेन्सिल: 'परागंदा' घ्या की. फारसीत अर्थच मुळी विखुरलेला.

मोडीवाचक: मराठीत परागंदा म्हणजे देणी बुडवून रातोरात पळालेला. आमच्या एका पणजोबांबद्दल घरात हाच शब्द निघतो, तोही दबक्या आवाजात. शिवाय पुन्हा फारसी? महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला? 'विकीर्णजन' म्हणा.

पाटीपेन्सिल: कागद, वकील, जमीन गेले का त्या कोशाने? आणि 'विकीर्णजन' अशी हाक मारा, दादरला एक माणूस वळून बघणार नाही.

तिरपागडा: परागंदा फारसी नाहीच. संस्कृत 'परागत'.

पाटीपेन्सिल: मग त्यातला 'दा' कुठून आला? फारसीच आहे तो.

कृष्णाकाठ: त्या कोरियन कोशाचं नाव बघा, 'ग्योरेमाल'. दक्षिणेत भाषेला हांगुगो म्हणतात, उत्तरेत चोसनमाल. एकाचं नाव घेतलं की दुसरा रुसणार, म्हणून 'ग्योरे', म्हणजे आपल्या रक्ताची माणसं. त्यात सोल, प्याँगयांग, ओसाका सगळे बसतात. मराठीत 'भाऊबंदांची भाषा'.

मोडीवाचक: भाऊबंद आले की भाऊबंदकी आलीच.

कृष्णाकाठ: तीही आहेच. 2024 च्या जानेवारीत किम जोंग उनने दक्षिणेला शत्रूराष्ट्र ठरवलं, एकीकरणाची भाषाच सोडली.

कावेरीतीर: मी तंजावरच्या मराठी घरातली. शेजारी आम्हाला 'रायर' म्हणतात, पुण्याचे पाहुणे 'तुमचं मराठी जुनं हो' म्हणून हसतात. आजीचे शब्द टिपून घ्यायला मात्र आमच्याकडे कधी कोणी आलं नाही. ते कोरियन उझबेकिस्तानपर्यंत गेले म्हणे!

मोडीवाचक: आजी 'परागंदा' म्हणायच्या का?