कयाक एकट्याने पाण्यापर्यंत न्यायला दोनचाकी हातगाडी कोणती घ्यावी? (नाशिक, गंगापूर बॅकवॉटर)

गुडघेकाका_इंदिरानगर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे अकरा फुटी प्लास्टिकची सिट-ऑन-टॉप कयाक आहे, म्हणजे वर उघड्यावर बसून वल्हवायची छोटी होडी. वजन २८ किलो. वॅगन-आरच्या टपावर बांधून नेतो. आजवर पुढचं टोक मी आणि मागचं चिरंजीव, अशी वरात निघायची. चिरंजीव जूनपासून पुण्याला नोकरीला. आता मी एकटा, वय ५६, उजवा गुडघा झिजलेला. डॉक्टरांनी उकिडवं बसायला सक्त मनाई केली आहे.

जातो ते गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, गिरणारेच्या अंगाने. पावसाळा संपला की कारपासून पाणी चाळीस-पन्नास पावलांवर असतं. मार्चपासून आत सरकायला लागतं आणि मे महिन्यात चांगला पाव किलोमीटर चालावं लागतं. आधी मुरूम, मग दगडगोटे, मग भेगाळलेली काळी माती, शेवटी पंधरा-वीस पावलं चिखल.

बजेट ४०००, फार ताणलं तर ४५००. हातगाडी सुटी होऊन कारच्या डिकीत मावली पाहिजे. पट्ट्याने बांधायची घेऊ की कयाकच्या तळाच्या, पाणी निचरायच्या आरपार भोकांत खुंट्या घालायची, ती स्कपरवाली? चाक हवेचं की भरीव? स्वतः वापरलेल्यांनीच सांगावं ही विनंती.

वल्हवा_मस्त
डोळे झाकून फुग्याची चाकं घ्या काका. ती जाडजूड, पिवळट, मऊ असतात ना, ती. मी बाहेरून मागवली, सगळं धरून ११,५०० पडले. तारकर्लीच्या वाळूत एका हाताने ओढली, दुसऱ्या हातात शहाळं. लोक फोटो काढत होते.

सिडकोचा_सच्या
बजेट ४००० लिहिलंय हो.

वल्हवा_मस्त
वाचलं मी. स्वस्तातलं घेतलं की दोनदा पैसे जातात, म्हणून सांगितलं. हवा मात्र हातपंपानेच भरा, २ ते ४ पीएसआय एवढीच लागते. माझ्या मेहुण्याने पेट्रोल पंपावर गाडीच्या टायरसारखी भरून घेतली. चाक भोपळ्याएवढं झालं आणि फट्ट! पंपावरचा पोरगा अजून त्याला ओळखतो.

बागाईतदार_दिंडोरी
काका, हवेच्या चाकाच्या भानगडीत पडूच नका. त्या काठाला वेडी बाभूळ किती माजली आहे बघितलंत ना? पाणी ओसरलं की वाळलेल्या फांद्या मातीत रुतून बसतात आणि काटा दीड-दोन इंची. आमच्या बागेतल्या कॅरेटच्या गाडीला एका छाटणीत सहा पंक्चर काढली, शेवटी भरीव चाकं बसवली. आता खडखडते, पण चालते.

सिडकोचा_सच्या
+१. पंक्चरला कंटाळून मीही भरीव घेतली. पण कडक प्लास्टिकची घेऊ नका, दगडावर गेली की बहिऱ्याला ऐकू जाईल. आतून फोम भरलेली मिळतात. वजन जरा जास्त, पण काट्याची भीती नाही.

जुगाडू_सातपूर
चार हजार? कशाला? मी ९०० रुपयांत केली. दीड इंची पीव्हीसी पाइप, चार टी, चार एल्बो, वर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आणि लेकाच्या जुन्या बारा इंची सायकलची चाकं. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तेव्हा चाकं आणखी स्वस्तात मिळायची. आता तो उठला, आमच्यासारख्यांचं माहेर गेलं. एक्सलला मात्र पाइप वापरू नका, आरपार लोखंडी सळई घाला. तीन वर्षं झाली, गाडी अजून चालू आहे. एकदाच मोडली.

मीनलताई_गंगापूररोड
कुठे मोडली तेही सांगा ना.

जुगाडू_सातपूर
अर्ध्या वाटेत. उन्हात पडून पाइप ठिसूळ झाला होता. चूक पाइपची, डिझाइनची नाही.

फुगवाफुगवी
मी तर हवेची कयाक घेतली. १५ किलोच्या आत, घडी करून पाठीवर. गाडीचा प्रश्नच नाही. काका, ती प्लास्टिकची विकून टाका.

बागाईतदार_दिंडोरी
हवेची कयाक? त्या बाभळीत? देव तुमचं भलं करो.

शुद्धलेखन_सम्राट
चर्चा छान चालली आहे, पण एक शंका. तो कयाक, ती कयाक की ते कयाक? धागाकर्त्यांनी स्त्रीलिंग वापरलं आहे. नाव, होडी, बोट स्त्रीलिंगी, म्हणून ते चालेल असं वाटतं. पण आमच्या शेजारचे 'माझा कयाक' म्हणतात.

सिडकोचा_सच्या
शेजारच्यांना गाडी कोणती आहे ते विचारा.

शुद्धलेखन_सम्राट
त्यांच्याकडे गाडी नाही, दोन मुलगे आहेत.

गुडघेकाका_इंदिरानगर (धागाकर्ता)
आमच्याकडे ती आहे. सौ. तिला 'तुमची दुसरी' म्हणतात. कृपया गाडीवर या.

निवृत्त_पदार्थविज्ञान
आतापर्यंत कोणीही महत्त्वाचं बोललेलं नाही, म्हणून लिहितो. चाकं कोणती यापेक्षा चाकं कुठे हे बघा. गाडी अगदी मागच्या टोकाला लावलीत तर पुढच्या टोकाला तुमच्या हातात निम्मं वजन येतं, म्हणजे १४ किलो. तीच गाडी मध्यापासून फूटभर मागे सरकवा, हातात येतील जेमतेम ४ किलो. बरोबर मध्यावर लावली तर वजन शून्य होतं, पण चढउतारावर टोक कधी जमिनीला टेकतं, कधी उसळतं. पुढे थोडा भार असलेला बरा. बैलगाडी भरताना माल किती पुढे, किती मागे हे आपल्या आजोबांना न शिकवता कळत होतं.

पट्ट्याच्या गाडीत ही जागा तुम्ही ठरवता. स्कपरच्या गाडीत ती भोकांनी ठरवलेली असते. यावर विचार करावा.

मीनलताई_गंगापूररोड
सर, हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. मी टोकालाच बांधत होते आणि फिजिओथेरपिस्टचं घर चालवत होते.

माझी पट्ट्यावालीच आहे, ऑनलाइन घेतली, ३२०० ची. तीन गोष्टी लक्षात ठेवा. पट्टा साध्या बकलचा घ्या, ओढून आवळायचा. ट्रकवाल्यांचा कटकट वाजणारा रॅचेट नको, उन्हात तापलेलं प्लास्टिक त्याने दबतं. ताणणारी रबरी दोरी तर अजिबात नको, पहिल्याच दगडाला गाडी खालून निसटते. आणि टेकूवाली गाडी घ्या. एकटीने कयाक वर ठेवताना टेकू नसला की गाडी पळते, आपण मागे, कयाक खाली.

वल्हवा_मस्त
टेकू माझ्याही गाडीला आहे.

चांदवडकर
आमच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये होडी वल्हवून १३वा आला. त्याला कोणी गाडी दिली होती का? जिद्द लागते.

निवृत्त_पदार्थविज्ञान
दत्तूचा अभिमान आम्हालाही आहे. पण ते रोइंग, त्यात पाठ पुढे करून वल्हवतात. कयाकिंगमध्ये तोंड पुढे असतं. आणि दत्तूचे गुडघे तेव्हा पंचविशीचे होते.

भोकाचा_भोगी
उशिरा आलो, पण हे वाचाच. स्कपरवाली गाडी घेऊ नका. घेऊ नका. घेऊ नका. माझी कयाक साडेअकरा फुटी. खुंट्या भोकांत गच्च बसल्या, वाटलं काय सोपं आहे! त्यात मी शहाणा, डबा, पाण्याचा कॅन, गळ-दोऱ्या सगळं आधीच कयाकमध्ये भरलं आणि दगडांवरून दणादण ओढत नेली. चौथ्या खेपेला आत पाणी येतंय असं वाटलं. भोकाच्या नळीला केसासारखी चीर. ती नळी कयाकचा सगळ्यात नाजूक भाग असते, आणि सगळं वजन तिच्या कडेवर पडत होतं. प्लास्टिक वेल्डिंग करून आणलं, सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच उललं. आता ती गच्चीवर आहे, सौ. तिच्यात पुदिना लावते.

सिडकोचा_सच्या
पुदिना कसा येतो?

भोकाचा_भोगी
उत्तम. पाण्याचा निचरा चांगला होतो ना.

जुगाडू_सातपूर
स्कपरवाली नकोच. माझंही तेच मत.

बागाईतदार_दिंडोरी
+१, नको.

पक्षीवेडा_निफाड
काका, गंगापूरला कशाला जाता? नांदूरमध्यमेश्वरला या. पाणी उथळ, सपाट काठ, गाडीची गरजच नाही.

मीनलताई_गंगापूररोड
अहो निफाडकर, अभयारण्य आहे ते! २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे आपली होडी घालून पाणपक्षी उठवायचे? आणि वनखात्याला काय सांगायचं, धाग्यावर सुचवलं होतं म्हणून?

पक्षीवेडा_निफाड
मी काठावरून बघायला या म्हणत होतो.

मीनलताई_गंगापूररोड
'गाडीची गरज नाही' असं लिहिलंय तुम्ही.

बागाईतदार_दिंडोरी
मूळ मुद्दा राहिला. चिखलाचं काय? काळी माती ओली झाली की चाकाला चिकटते, चाक आणि दांडा यांत लाडू वळते आणि चाक फिरायचंच थांबतं. फुग्याचं असो की फोमचं. चाकाच्या दोन्ही बाजूंना चार बोटं मोकळी जागा आहे का, ते घेताना बघा. खरं सांगू? चिखल लागला की गाडी काढा आणि कयाक तशीच ओढा. तिचा तळ गुळगुळीत, चिखलात तीच घसरते. दगडावर मात्र ओढू नका, तळ खरवडतो.

वल्हवा_मस्त
फुग्याच्या चाकाला लाडू होत नाहीत.

बागाईतदार_दिंडोरी
तारकर्लीला काळी माती नाही, दादा.

गुडघेकाका_इंदिरानगर (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. बारा दिवसांनी कळवतो आहे, गाडी घेतली. स्कपरवाली. ३,६५० रुपये, फोम भरलेली दहा इंची चाकं.

रागावू नका, कारण सांगतो. मीनलताईंच्या ओळखीच्या एकांची पट्ट्यावाली आणून अंगणात तीनदा बांधून बघितली. बांधायचं म्हणजे खाली वाकून पट्टा तळातून पलीकडे द्यायचा, मग उकिडवं बसून बकल आवळायचं. तिसऱ्या वेळी मला सौ.नी हात धरून उठवलं. स्कपरवालीत कयाक कुशीवर कलती करायची, उभ्याउभ्या जरा झुकून खुंट्या घालायच्या आणि सरळ करायची. गुडघा मध्ये येतच नाही.

भोगीसाहेबांची पोस्ट चार वेळा वाचली. म्हणून दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर आणि भोकाचा व्यास मोजून, अंतर कमीजास्त करता येणारीच घेतली. खुंट्यांच्या बुडाशी फोमच्या जाड चकत्या घातल्या, जेणेकरून वजन भोकाच्या कडेवर न पडता तळावर पडेल. डबा, पाणी, लाइफ जॅकेट सगळं पाठीवरच्या पिशवीत. कयाक रिकामी. आणि दगडगोट्यांवर चाल वरातीची.

सर, भोकं सीटच्या मागे आहेत, मध्यापासून दीड फूट.

निवृत्त_पदार्थविज्ञान
म्हणजे हातात ६ किलो. चालेल. पण पट्ट्याची घेतली असती तर ४ झाले असते, हे नोंदवून ठेवतो.

गुडघेकाका_इंदिरानगर (धागाकर्ता)
६ किलो भाजी दर रविवारी गंगेवरून, म्हणजे आपल्या गोदाघाटावरून, आणतोच, सर.

परवा पहिली फेरी झाली. मुरमावर मस्त, गोट्यांवर सावकाश, काळ्या मातीत बरी. चिखलाशी बागाईतदारांनी सांगितल्याप्रमाणे गाडी काढली आणि कयाक ओढली, खरंच सुळकन गेली. परत येताना तिथला एक म्हशीवाला पोरगा लांबून बघत होता. जवळ आला, न विचारता मागचं टोक उचललं आणि वरपर्यंत आला. म्हणाला, 'बाबा, रोज येत जा, मी इथंच असतो.' त्याला वीस रुपये देऊ केले तर घेईना, कयाकमध्ये बसवा म्हणाला. पुढच्या वेळी लहान मापाचं लाइफ जॅकेट न्यायचं आहे.

भोकाचा_भोगी
दर फेरीनंतर भोकाच्या नळीवरून नख फिरवून बघा. चीर डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागते. आणि वेळ आलीच, तर पुदिन्याची रोपं मी देईन.

वल्हवा_मस्त
शुभेच्छा काका. पण फुग्याची चाकं ती फुग्याची चाकं.

नवा_सदस्य_पंचवटी
छान धागा. मलाही अशीच गाडी घ्यायची आहे. काका, तुमचं बजेट किती होतं?