मदत हवी आहे : ब्लूमबर्गची 'डुकराच्या शेपटी'ची रेल्वे

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच जर्मनीत, श्टुटगार्टला येताहेत. बाबांची सगळी नोकरी कर्जतला बँकर इंजिनांवर (घाटात गाडीला मागून ढकलणारी इंजिनं) गेली, त्यामुळे राजवाडे नकोत, "एखादी घाटातली गाडी दाखव" एवढीच फर्माईश!

ब्लॅक फॉरेस्टजवळची ब्लूमबर्ग-वाइत्सेन लाइन डोक्यात आहे. 1890 साली लष्करासाठी बांधलेली, स्वित्झर्लंडची हद्द टाळून. सरळ अंतर जेमतेम 10 किमी, पण जड गाड्यांसाठी चढ 1:100 च्या (100 मीटरला 1 मीटर) आत ठेवायचा म्हणून रूळ वळसे घेत 25 किमी फिरवलेत. एक बोगदा तर डोंगराच्या पोटातच गोल फिरतो. म्हणून नाव 'झाउश्वेंत्स्ले', डुकराची शेपटी. (बोरघाटात 1:37, त्यामुळे बाबा हसणार हे नक्की.)

कोणी गेलंय का? वाफेच्या इंजिनाची गाडी नेमकी कोणत्या वारी असते? एपफेनहोफेनचा पूल कोणत्या बाजूच्या खिडकीतून नीट दिसतो? डोनाउएशिंगेनहून रविवारी बस मिळते का? आमच्याकडे गाडी नाही. आईचे गुडघे दुखतात, जुन्या डब्यांच्या पायऱ्या फार उंच आहेत का? आणि जेवणाचा डबा सोबत नेऊन आत खाल्लेला चालतो ना? धपाटे होणारच आहेत.